आखूड स्प्रिंगला साजेसा शॉक

नव्या स्प्रिंगा खोक्यातून काढल्या आणि आधी टेप लावला. गाडी ३० मिलिमीटर खाली बसेल असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. जुन्या पुढच्या स्प्रिंगची मोकळी लांबी मी पूर्वी टॉप माउंट बदलताना मोजून वहीत टिपून ठेवली होती. दोन्ही आकड्यांत फरक निघाला ६० मिलिमीटरहून थोडा जास्त. गाडी ३० खाली बसणार, मग स्प्रिंग ६० नी आखूड का? हा प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन सोडवला आणि शॉक, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कोणते घ्यायचे याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

गाडी साधी आहे. पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई. पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक आणि ब्रेकचं वजन वगळून, साधारण ३५० किलो भार येतो. मूळ स्प्रिंग किती कडक हे गाडीच्या कागदपत्रांत कुठेच नसतं, पण ते मोजून काढता येतं. तारेची जाडी, वेटोळ्याचा मध्यव्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या, एवढं पुरतं. माझ्या जुन्या स्प्रिंगची तार १३ मिलिमीटर, मध्यव्यास १४०, चालती वेटोळी ४.७, स्प्रिंगच्या पोलादाचा आकडा धरून उत्तर आलं २२ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपास. इथे एक काळजी घ्यावी लागते. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. व्हर्नियर रंगावरून लावला आणि रंगाच्या थराने जाडी ०.२ मिलिमीटर जास्त दाखवली, तर उत्तर सहा टक्क्यांनी चुकतं. म्हणून एका जागी रंग खरवडून मोजलं, आणि नंतर तिथे रंगाचा हात फिरवला, कारण उघड्या स्प्रिंगला गंज लागला की ती तिथूनच तुटते.

नवी स्प्रिंग याच पद्धतीने २८ ची निघाली. जुनी स्प्रिंग ३५० किलोखाली १५६ मिलिमीटर दबून उभी राहत होती. नवी १२३ दबते. म्हणजे नुसत्या कडकपणामुळेच गाडी ३३ मिलिमीटर वर उचलली गेली असती. ती उलट ३० खाली आणायची, तर मोकळी लांबी ३३ आणि ३० मिळून ६३ नी कमी करावी लागते. कागद आणि टेप जुळले.

आता हीच स्प्रिंग जुन्या शॉकवर बसवली तर काय होईल? गाडी जॅकवर घेतली किंवा उंचवट्यावरून पुढे सुटली की चाक खाली लोंबतं आणि शॉकचा दांडा पूर्ण बाहेर येतो. माझ्या गाडीत उभ्या अवस्थेपासून हा प्रवास ८० मिलिमीटरचा होता. जुनी स्प्रिंग तेव्हाही ७६ मिलिमीटर दबलेली राहायची, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीवर १६७० न्यूटनचा, सुमारे १७० किलोचा दाब कायम. गाडी ३० खाली गेल्यावर तोच लोंबण्याचा प्रवास ११० होतो आणि नवी स्प्रिंग फक्त १३ मिलिमीटर दबलेली उरते. गाडी ४५ खाली नेणारी स्प्रिंग असती तर ती बैठकीत चक्क सैल झाली असती. सैल स्प्रिंग पुन्हा भार घेताना आपल्या खाचेत बसेलच याची खात्री नसते. वाकडी बसली तर आवाज करते, बैठक फोडते, आणि वाईटात वाईट म्हणजे टायरपर्यंत पोहोचते. आखूड स्प्रिंग स्ट्रटवर कंप्रेसर न लावता, नुसत्या हाताने चढत असेल तर काम सोपं झालं असं वाटतं. माझ्या मते ती धोक्याची खूण आहे. जी हाताने आत जाते ती चाक लोंबल्यावर बाहेरही येऊ शकते.

उलट्या दिशेचा हिशोब याहून महत्त्वाचा, कारण तो रोजच्या चालवण्यात जाणवतो. शॉकच्या दांड्यावर फोमसारख्या पॉलियुरेथेनचा बंपस्टॉप असतो, शॉक पूर्ण आत दबण्याआधी चाकाला थांबवणारा. माझी गाडी मूळ उंचीवर उभी असताना शॉकची डबी आणि बंपस्टॉप यांच्यात ३५ मिलिमीटर जागा होती. गाडी ३० खाली, शॉक तोच, म्हणजे उरले ५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. डांबराचं ठिगळसुद्धा तेवढं संपवतं.

हे नेमकं कसं लागतं ते मला एका मित्राच्या गाडीत कळलं होतं. त्याने नुसत्या स्प्रिंगा बदलल्या होत्या, शॉक जुनेच. सपाट रस्त्यावर गाडी छान वाटायची, वळणावर झुकायचीही कमी. पण वळणात मध्येच एखादा उंचवटा आला की पुढचं बाहेरचं चाक एकदम आडमुठं व्हायचं आणि नाक वळणाच्या बाहेर सरकायचं. कारण तेवढ्यात बंपस्टॉप कामाला लागलेला असायचा, आणि बंपस्टॉप दबताना त्या कोपऱ्याचा कडकपणा काही पटींनी वाढतो. लोक मग म्हणतात, स्प्रिंगा फार कडक आहेत. बिचाऱ्या स्प्रिंगचा त्यात दोष फार थोडा. २२ चे २८ झाले हे बहुतेकांच्या अंगाला फारसं टोचत नाही. टोचतो तो बंपस्टॉप. गाडी खाली घेतल्यावर ‘दणके बसतात’ अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा शॉकची लांबी विचारतो.

माझं गाडीचं काम ज्यांच्या हाताखाली शिकून झालं ते काका या मताचे नव्हते. त्यांनी माझ्या गाडीचे जुने शॉक पाहिले, दांडे पुसून बघितले आणि म्हणाले, “तेल कुठे गळतंय? ठणठणीत आहेत. स्प्रिंगा टाक आणि चालव.”

“काका, गळत नाहीत हे खरं. पण लांबीचं काय? आणि ही स्प्रिंग परत येताना तिला धरणार कोण?”

त्यांनी बोनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर येऊन थांबली. “हे बघ, थांबली की नाही?”

हाताने गाडी दाबून बघण्याची ही रीत सगळीकडे चालते. पूर्ण मेलेला शॉक तिने ओळखता येतो, त्यापलीकडे फारसं काही नाही. हाताने दाबताना दांडा फार सावकाश हलतो, आणि त्या वेगाला सांध्यांतलं, रबरी बुशांतलं घर्षणच गाडी थांबवायला पुरतं. शॉकची खरी परीक्षा वेगात होते. प्रयोगशाळेत त्याचं बल ०.१३, ०.२६, ०.३९, ०.५२ मीटर प्रति सेकंद अशा वेगांना मोजतात आणि त्याचा आलेख काढतात. काकांनी माझं ऐकून घेतलं, आणि मग स्वतःच म्हणाले, “बरं, गणित दाखव.”

गणित असं. स्प्रिंग भार पेलते आणि ऊर्जा साठवते. ती ऊर्जा खर्च करून टाकणं, तेलाची उष्णता करून, हे शॉकचं काम. चाकावरचा कोपरा एकदा दाबून सोडला तर तो किती वेगाने वरखाली होईल हे स्प्रिंगचा कडकपणा आणि वजन ठरवतात. जुन्या स्प्रिंगवर माझं पुढचं अंग सेकंदाला १.२६ वेळा हलायचं, नव्या स्प्रिंगवर १.४२ वेळा. ते एकही डोल न घेता शांत व्हावं यासाठी शॉकने जेवढी अडवणूक करायला हवी तिला क्रांतिक अवमंदन म्हणतात. रोजच्या गाड्यांत त्याच्या साधारण पंचवीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत शॉक ठेवतात, कारण पूर्ण ठेवला तर गाडी दगडासारखी चालेल. आता, स्प्रिंग २७ टक्क्यांनी कडक झाली की ही क्रांतिक पातळी तिच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे सुमारे १३ टक्के. मूळ शॉक नवाकोरा असताना ०.३० वर, म्हणजे क्रांतिकच्या तीस टक्क्यांवर, बसवलेला होता असं धरलं, तर नव्या स्प्रिंगखाली तोच ०.२७ वर येतो.

हा आकडा पाहून काका म्हणाले, “मग फरक थोडाच की.” आणि त्यांचं बरोबर होतं. नवा मूळ शॉक आणि जराशी कडक स्प्रिंग ही जोडी अवमंदनाच्या बाजूने तेवढी वाईट नाही. कंपनीचे शॉक खाली घेतलेल्या स्प्रिंगवर ‘फुटतात’ असं जे सरसकट म्हटलं जातं त्यात अतिशयोक्ती आहे. ते मरतात ते मुख्यतः बंपस्टॉपवर सतत आदळून आणि दांडा डबीच्या तळाशी खेळत राहिल्याने. पण माझे शॉक नवे नव्हते. झिजलेल्या शॉकमध्ये तीस टक्के ताकद गेलेली असेल तर ०.२७ चं ०.१९ होतं, आणि तिथे गाडी उंचवट्यानंतर आणखी एक डोल घेते. त्या डोलात टायरवरचा भार कमीजास्त होत राहतो, आणि ब्रेक मारताना किंवा वळताना तोच भार तर हवा असतो.

आणखी एक गोष्ट या एका आकड्यात लपते. शॉक दोन दिशांना सारखा नसतो. आत दबताना तो कमी अडवतो, बाहेर येताना, म्हणजे रिबाउंडला, दुप्पट-तिप्पट अडवतो. आत दबताना स्प्रिंग स्वतःच अडवायला असते. बाहेर येताना स्प्रिंग ढकलत असते आणि तिला आवरायला शॉक एकटा. कडक स्प्रिंग तेवढीच दाबली तर २७ टक्के जास्त ऊर्जा घेऊन परत येते. म्हणून खाली घेणाऱ्या स्प्रिंगला शॉक जुळवणं म्हणजे बहुतांशी रिबाउंड जुळवणं. आत दबण्याची बाजू वाढवून चालत नाही. ती वाढवली की प्रत्येक बारीक कड थेट बसणाऱ्याच्या अंगापर्यंत येते.

एवढं झाल्यावर निवड सोपी झाली. शॉक आखूड हवा आणि त्याचा रिबाउंड जास्त हवा. बाजारात शॉक बनवणारे हा फरक स्पष्ट करतात, फक्त तो वाचावा लागतो. बिलस्टाइनच्या मालिकेत बी६ मूळ लांबीचा आहे आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. दोन्ही एकनळी, दोन्ही मूळच्यापेक्षा कडक. बी६ ताकदवान आहे म्हणून तो आखूड स्प्रिंगखाली घालणारे आहेत. त्यांचा अवमंदनाचा प्रश्न सुटतो, बंपस्टॉपचा आणि सैल स्प्रिंगचा तसाच राहतो. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये रिबाउंड फिरवून कमीजास्त करता येतो.

एकनळी शॉकचं मला आकर्षण आहे. तेलाच्या वर तरंगता पिस्टन आणि त्यापलीकडे नायट्रोजन, त्यामुळे तेलात फेस होत नाही आणि नळी थेट हवेत उघडी असल्याने ती लवकर निवते. फ्रेंच अभियंता द कार्बों यांची ही कल्पना बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांवर मालिका उत्पादनात आणली, आणि आजही तिच्यात बदलावं असं फार थोडं आहे. पण उंची जुळवताना तिचा एक परिणाम धरावा लागतो. आतला दाब २५ बारच्या आसपास असतो. ११ मिलिमीटरच्या दांड्यावर तो सुमारे २४० न्यूटनने बाहेर ढकलतो, आणि २८ च्या स्प्रिंगवर २४० न्यूटन म्हणजे ८ मिलिमीटरहून जास्त उचल. मूळ शॉकमध्येही थोडा दाब असतोच, म्हणून प्रत्यक्ष फरक त्याहून कमी येतो, तरीही ‘३० ची स्प्रिंग लावली, गाडी पंचवीसच खाली गेली’ असं म्हणणाऱ्यांच्या कोड्याचं एक उत्तर हे आहे. मी शेवटी कमी दाबाचे, दोन नळ्यांचे, रिबाउंड फिरवता येणारे आखूड शॉक घेतले. ठरलेल्या उंचीवर गाडी बसावी आणि रिबाउंड मला स्वतः लावता यावा, या दोन कारणांनी.

पुढच्या शॉकची डबी आणि पूर्ण बाहेर असतानाची लांबी, दोन्ही मूळपेक्षा २५ मिलिमीटरने कमी होती. लोंबण्याचा प्रवास ११० वरून ८५ वर आला. त्यामुळे स्प्रिंग पूर्ण लोंबत्या चाकातही ३८ मिलिमीटर दबलेली राहते, हजार न्यूटनच्या वर. बंपस्टॉपपर्यंतची जागा ५ वरून पुन्हा ३० झाली.

मागच्या बाजूला वेगळा विचार लागतो. टॉर्शन बीमवर स्प्रिंग एका जागी आणि शॉक दुसऱ्या जागी असतो, आणि चाक एक मिलिमीटर हललं की दोघं एकेक मिलिमीटर हलत नाहीत. स्प्रिंग चाकाच्या ०.८ पट हलत असेल तर चाकापाशी तिचा कडकपणा ०.६४ पटच उरतो, गुणोत्तराचा वर्ग. त्यामुळे खोक्यावरचे पुढचे-मागचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं निरर्थक आहे. चाकापाशी काय येतं ते काढायचं. माझ्या मागच्या कोपऱ्यावर रिकाम्या गाडीत २२० किलो, आणि चाकापाशी जुना कडकपणा २०, नवा २४. म्हणजे सेकंदाला १.५२ डोलांवरून १.६६.

मागचं अंग पुढच्यापेक्षा जलद डोलायला हवं, हे १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी वजनं हलवता येणाऱ्या प्रयोगाच्या गाडीवर दाखवून दिलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना भेटतो, मग मागच्या. मागचं अंग जरा जलद असलं तर ते उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतं आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट वरखाली होते. माझ्या जुन्या स्प्रिंगांत मागचं-पुढचं प्रमाण १.२ होतं, नव्यांत १.१७. हे पाहिलं तेव्हा स्प्रिंगा चांगल्या डोक्याने केलेल्या आहेत अशी खात्री पटली. पुढच्या एका आणि मागच्या दुसऱ्या संचातल्या स्प्रिंगा एकत्र करणाऱ्यांना मी याच कारणासाठी परावृत्त करतो.

बसवण्याआधी एक तपासणी केली जी बहुतेक जण टाळतात. स्ट्रट स्प्रिंगशिवाय जोडला, गाडी स्टँडवर पक्की ठेवली आणि चाकाखालचा जॅक हळूहळू वर घेतला, बंपस्टॉप पूर्ण दबेपर्यंत. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायर, आतलं प्लास्टिक, ब्रेकचा पाइप आणि ड्राइव्हशाफ्ट यांच्यात कुठे काय लागतं ते टॉर्चने पाहिलं. आखूड शॉक चाकाला जास्त वर जाऊ देतो, हा त्याचा गुण आहे आणि धोकाही. टायर मडगार्डला लागण्याआधी बंपस्टॉपने थांबवलंच पाहिजे. माझ्या गाडीत जागा पुरली, म्हणून स्टॉप न कापता पूर्ण ठेवले. जिथे जागा पुरत नाही तिथे स्टॉप उंच करावा लागतो, आणि तरीही मी तो आनंदाने करेन.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम वेगाने झालं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन गोष्टी मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. दांड्यावरचा वरचा नट हवेच्या गनने घट्ट करायचा नाही. दांडा आत गरगर फिरतो आणि सीलचं नुकसान होतं. दांडा पकडीने धरायचा नाही, कारण त्यावरचा एक ओरखडा सील कापत राहतो. त्याच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिथे चावी घालून दांडा धरायचा आणि वाकड्या पान्याने नट आवळायचा. तिसरी गोष्ट काकांनी मला फार पूर्वी शिकवलेली: लोअर आर्म (चाक खालून धरणारा आडवा भाग) आणि बीमचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लोंबत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली बसताना रबर पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. खाली घेतलेल्या गाडीत जुने बोल्ट न सोडताच स्प्रिंगा बदलल्या तर हेच होतं, कारण बुश जुन्या उंचीला आवळलेले असतात. म्हणून ते सगळे सैल केले, गाडी उतरवली, थोडी पुढे-मागे ढकलली आणि मग टॉर्क रेंच लावला.

दोन नळ्यांचे शॉक बसवण्याआधी उभे धरून पूर्ण लांबीत सावकाश दाबून-ओढून घेतले, म्हणजे आडव्या खोक्यात असताना आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. मागच्या शॉकचा रिबाउंड बाहेर काढूनच, दांडा पूर्ण आत दाबून फिरवावा लागतो, म्हणून मागचे आधीच पूर्ण मऊपासून अर्धा फेरा पुढे लावून घातले. पुढचे बोनेट उघडून वरून फिरवता येतात.

रिबाउंड लावण्याचं काम मला सगळ्यांत आवडलं. ओळखीचा रस्ता हवा, ज्यात एक लांबट उंचवटा, एक उखडलेला सलग खडबडीत भाग आणि एक मोठं वळण असेल. दोन्ही पुढचे शॉक पूर्ण मऊ करून सुरुवात केली. लांबट उंचवट्यानंतर नाक वर आलं, खाली गेलं, पुन्हा किंचित वर आलं. पाव फेरा कडक. तो दुसरा डोल आखडला. आणखी पाव फेरा, आणि नाक वर येऊन जागच्या जागी थांबलं. इथेच समाधान मानावं असं वाटतं, पण कडक बाजूला पुढे जाऊन पाहणं गरजेचं आहे. नाहीतर योग्य जागा कुठे संपते ते कळत नाही. पुढे नेल्यावर उंचवट्यावर गाडी आणखी शिस्तीत वाटली. मात्र उखडलेल्या भागात ती प्रत्येक खळग्यानंतर थोडी थोडी खाली बसत गेली, शेवटी बंपस्टॉपवर टेकली आणि हादरू लागली. रिबाउंड इतका घट्ट झाला होता की स्प्रिंगला पुढचा खळगा येण्याआधी परत उघडायला वेळच मिळत नव्हता. हे लक्षण फसवं आहे, कारण अंगाला ते ‘स्प्रिंग कडक’ असंच लागतं, आणि लोक मऊ स्प्रिंगा शोधू लागतात. मी पाव फेरा मागे घेतला, आणि पुढचे शॉक तिथेच राहिले.

बंपस्टॉप किती वापरला जातो ते बघण्याचा उपाय साधा आहे. दांड्यावरचं रबरी आवरण वर सरकवून, डबीला टेकेल अशी प्लास्टिकची बारीक पट्टी दांड्याभोवती बांधायची. डबी वर येताना पट्टीला ढकलत नेते आणि चाक परत खाली आलं तरी पट्टी सर्वांत वरच्या जागी राहते. पुढच्या बाजूला रोजच्या रस्त्यावर पट्टी स्टॉपला जेमतेम टेकली, मोठ्या खड्ड्यात तो सुमारे अर्धा दबला. बंपस्टॉपचं काम हेच, शेवटी हलकेच आवरणं.

अलाइनमेंट मी स्प्रिंगा थोड्या बसू दिल्यावर केलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर पहिल्या दिवशी आणि काहीशे किलोमीटरनंतर मोजलं तर पुढे २ मिलिमीटरचा फरक पडलेला होता. मॅकफर्सन गाडी खाली गेली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आत झुकतो, ते फारसं बिघडवत नाही. पण टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, सरकतो आणि टायरची आतली कड तोच खातो. हेडलाइटची पातळीही तेव्हाच लावून घेतली.

मॅकफर्सनबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती मला ३० मिलिमीटरवर थांबवून गेली. लोअर आर्म चाकाच्या बाजूला खाली उतरता असतो. गाडी खाली घेत जाल तसा तो आडवा होतो, आणि मग उलट चढता. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू या आर्मच्या कोनावर ठरतो आणि गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की झुकवणारा जोर वाढतो. म्हणजे एका मर्यादेपलीकडे गाडी खाली घेऊन ती वळणावर जास्त झुकू पाहते, आणि ते भरून काढायला अजून कडक स्प्रिंग, त्याला अजून रिबाउंड, असं चक्र सुरू होतं. माझ्या गाडीत ३० वर आर्म जवळजवळ आडवा आहे. त्याखाली जायचं तर बॉल जॉइंटची जागा बदलणारे भाग लागतील, आणि ते काम वेगळं.

उरला होता मागचा भाग. एकट्याने चालवताना मागचा अर्धा फेरा नेमका वाटत होता. मग मागे तिघं आणि डिकीत सामान भरून तोच रस्ता घेतला. कोपऱ्यावरचं वजन २२० वरून ३२० च्या पुढे गेलं की डोल सावकाश होतो आणि त्याच शॉकची पकड सैल पडते. उंचवट्यानंतर मागचं अंग एकदा जास्त हललं. मागचे शॉक पुन्हा उतरवून आणखी पाव फेरा दिला. रिकाम्या गाडीत आता मागचं चाक बारीक कडांवर जरासं कडक लागतं, ते मी पत्करलं आहे, कारण माझी गाडी बहुतेक वेळा भरलेली धावते. भरलेल्या गाडीत मागच्या दांड्यावरची पट्टी स्टॉपमध्ये साधारण १२ मिलिमीटर शिरलेली दिसते. मागचा स्टॉप एकूण ५० मिलिमीटरचा आहे, म्हणून तोही न कापता तसाच ठेवला.